रायडिंग मोअर (वर बसून चालवायचं गवत कापायचं मशीन) वॉरंटीत आहे, तीनदा डीलरकडे जाऊन आला, तरी बंद पडतोय, आता काय करायचं?

तुमचं प्रकरण मला जेवढं कळलं ते असं. अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसच्या बाहेर दीड एकराचं घर, मागच्या वर्षी एप्रिलमध्ये मोठ्या स्टोअरमधून ४२ इंची डेकचा (डेक म्हणजे खालचा पात्यांचा भाग) रायडिंग मोअर घेतला, पहिला सीझन ठीक गेला, आणि आता पाऊण तास चालला की आचके देतो नि बंद पडतो, वीस मिनिटं थांबलं की परत काहीच न झाल्यासारखा चालू. डीलरनं दोनदा 'आमच्याकडे तर नीट चालतोय' म्हणून परत दिला, तिसऱ्यांदा 'पेट्रोल खराब होतं, हे वॉरंटीत बसत नाही' म्हणून तपासणीचं बिल लावलं. वर टाउनशिपची, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या इथल्या संस्थेची, वाढलेलं गवत कापा अशी नोटीस आलीय. तुम्ही विचारताय की हे लोक मुद्दाम टोलवतायत का, कोर्टात जावं का, की सरळ विकून टाकावा.

मी याच धंद्यात आहे, मिडवेस्टमध्येच. आधी बेंचवर मेकॅनिक म्हणून आणि नंतर सर्व्हिस काउंटरच्या मागे, म्हणजे तुम्हाला आत्ता ज्या माणसाचा राग येतोय त्याच्याच खुर्चीत. त्यामुळे थोडं त्याच्या बाजूनंही बोलीन, राग मानू नका, शेवटी फायदा तुमचाच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे तुमच्यासमोर तीन वेगवेगळे लोक आहेत आणि तुम्ही तिघांना एकच समजून भांडताय. विकलं स्टोअरनं, त्यांची परत घ्यायची मुदत अशा मशीनला साधारण ३० दिवस, ती संपली की ते हात वर करतात आणि कागदोपत्री वॉरंटीशी त्यांचा संबंध संपतो. वॉरंटी दिली मोअरच्या कंपनीनं. रिपेअर करतो तो डीलर, जो स्वतंत्र धंदेवाला आहे, कंपनीचा नोकर नाही. आणि पुष्कळ मशीनमध्ये चौथाही असतो, तो म्हणजे इंजिनवाला. मोअर एका कंपनीचा, इंजिन ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं, कोहलरचं नाहीतर कावासाकीचं, आणि बऱ्याच ब्रँडमध्ये इंजिनची वॉरंटी इंजिनवाला वेगळी देतो, त्याचे अधिकृत सर्व्हिसवाले वेगळे असतात. (कोहलरच्या इंजिन धंद्याचं नाव २०२४ मध्ये रेल्को झालं, त्यामुळे फोनवर वेगळंच नाव ऐकू आलं तर गोंधळू नका.) तुमचा त्रास इंजिनचा दिसतोय, बेल्ट-डेकचा नाही. तेव्हा आधी वॉरंटीचं पुस्तक काढून इंजिनचा पॅरा वाचा आणि सीटखालच्या प्लेटवरचा मॉडेल नि सिरियल नंबर, तसंच इंजिनच्या वरच्या पत्र्यावर ठोकलेले मॉडेल, टाइप आणि कोड (कोहलरवर मॉडेल, स्पेक आणि सिरियल) हे तीन आकडे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. त्या तीन आकड्यांशिवाय इंजिनवाला फोनवर पुढे सरकतच नाही. आणि कदाचित तुमच्या गावात त्याच इंजिनचा दुसरा एखादा छोटा अधिकृत दुकानदार निघेल, ज्याच्याकडे एवढी रांगही नसेल.

आता डीलर टोलवतो का. थोडा टोलवतो, पण कारण समजून घ्या. वॉरंटीच्या कामाचे पैसे त्याला कंपनी देते आणि ते ठरावीक तासांच्या हिशोबानं, अमुक पार्ट बदलायला इतका वेळ, बस. शोधायला जो वेळ गेला त्याचे बहुतेक वेळा पैसेच मिळत नाहीत, किंवा नावाला मिळतात. पाऊण तास चालवल्यावर बंद पडणारं मशीन म्हणजे मेकॅनिकचा पाऊण तास फुकट, आणि तेही मे महिन्यात, जेव्हा बाहेर रोख पैसे देणाऱ्यांचे मोअर रांगेत उभे असतात आणि गवताचे कॉन्ट्रॅक्टवाले डोक्यावर बसलेले असतात. त्यात पार्ट बदलला आणि नंतर कंपनीनं क्लेम नाकारला तर तो खर्च डीलरच्या बोकांडी. बदललेला जुना पार्ट कंपनी परत मागवून तपासते, आणि त्यात काही दोष दिसला नाही तर पैसे कापते. म्हणून दोष डोळ्यांनी दिसल्याशिवाय तो हात लावत नाही. तुम्ही त्याच्याकडून न घेता स्टोअरमधून घेतलंय हेही मनात असतंच, कोणी कबूल करणार नाही, पण ज्यानं डीलरच्याच दुकानातून घेतलंय त्याचं मशीन आधी वर चढतं हे मी वर्षानुवर्षं बघतोय. आमच्या गावाकडं इंजिन बंद पडलं की मिस्त्री पाना-पक्कड घेऊन रानात यायचा आणि इंजिन जिथं बंद पडतं तिथंच बघायचा, इथं मशीन ट्रेलरवर चढून त्याच्याकडे जातं आणि तोवर थंड झालेलं असतं. तुमच्या अख्ख्या प्रकरणाची मेख तिथंच आहे.

म्हणजे काय, की तुम्ही काउंटरवर 'बंद पडतो' एवढंच सांगितलंत आणि त्यानं रिपेअर ऑर्डरवर 'चालू करून बघणे' असं काहीतरी लिहिलं. मेकॅनिकच्या हातात फक्त तो कागद येतो, तुम्ही येत नाही. तो चालू करतो, पाच मिनिटं आवाज ऐकतो, अंगणात एक चक्कर मारतो, ब्लेड बहुतेक लावतच नाही, आणि लिहितो 'दोष आढळला नाही'. खोटं नाही लिहिलेलं, त्याला खरंच नाही आढळला. चौथ्यांदा जाल तेव्हा कागदावर काय लिहिलंय ते सही करायच्या आधी वाचा, आणि पुढचं वाक्य तसंच्या तसं इंग्रजीत लिहून न्या नि तेच टाइप करायला लावा: ब्लेड चालू ठेवून लोडवर सुमारे ४५ मिनिटं कापल्यावर इंजिन आचके देऊन बंद पडतं, २० मिनिटांनी परत चालू होतं, याच तक्रारीसाठी याआधी तीनदा आणलेलं आहे, मागच्या तारखा अमुक अमुक. ही शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. 'याच तक्रारीसाठी' हे शब्द कागदावर आले की पुढं कंपनी असो की कोर्ट, तुमचं म्हणणं तुम्हाला तोंडानं सिद्ध करत बसावं लागत नाही. आणि मागच्या तीनही भेटींच्या रिपेअर ऑर्डरच्या कॉपी मागून घ्या, तुमच्याकडे नसतील तर आजच मागा, त्यांच्या कॉम्प्युटरवर असतात. तोंडी झालेलं बोलणं या धंद्यात धरत नाहीत.

सोबत व्हिडिओ द्या. बंद पडतानाचा, तासांचा मीटर दिसेल असा, आणि बंद पडल्यावर लगेच चावी फिरवल्यावर स्टार्टर फिरतो पण इंजिन पकडत नाही असा. स्टार्टर फिरतच नसेल तर गोष्टच वेगळी, मग सीट स्विच, ब्रेक स्विच, वायरिंग असलं बघावं लागतं.

आता घरच्या घरी एक तपासणी करा, हिला पाना लागत नाही की कुठलं सील तुटत नाही, त्यामुळे वॉरंटीला धक्का नाही. पुढच्या वेळी बंद पडला की मशीन सपाट जागेवर आहे, आसपास विडी-सिगारेट नाही हे बघून पेट्रोलच्या टाकीचं झाकण हळूच सैल करा. हवा आत ओढल्याचा 'स्स्स' आवाज आला आणि लगेच इंजिन चालू झालं, तर टाकीला श्वास घ्यायची वाट बंद आहे. पेट्रोल खाली जातं, वर हवा शिरत नाही, टाकीत निर्वात तयार होतो आणि थोड्या वेळानं इंजिनला पेट्रोल मिळेनासं होतं. हल्लीच्या बऱ्याच मशीनमध्ये प्रदूषणाच्या नियमामुळे टाकीची वाफ कार्बनच्या डब्यातून जाते, आणि आपण 'एकदाच भरून टाकू' म्हणून टाकी गळ्यापर्यंत भरली की पेट्रोल त्या डब्यात जाऊन तो तुंबतो. मी हे इतक्या वेळा बघितलंय की गरम झाल्यावर बंद पडतो म्हटलं की माझा हात आधी झाकणावर जातो. झाकण सैल करूनही चालू झाला नाही आणि वीस मिनिटं थांबावंच लागलं, तर संशय इग्निशन कॉइलवर, ती गरम झाली की ठिणगी सोडत नाही आणि गार झाली की शहाण्यासारखी वागते. मग मेकॅनिकला सांगायचं की बंद पडल्या पडल्या स्पार्क टेस्टर लावून बघ, थंड झाल्यावर लावून उपयोग नाही. तिसरं म्हणजे इंजिनच्या वरच्या पत्र्याखाली पंखाच्या जाळीत गवत साठून इंजिन तापणं, पण ते असेल तर सांगून ठेवतो, त्याला देखभाल म्हणतात, वॉरंटी नाही. उंदरानं वायर कुरतडली तर तेही तसंच.

झाकणाची गोष्ट व्हिडिओवर पकडली तर तुमचं अर्धं काम झालं. कारण मग तुम्ही डीलरला कोडं घालत नाही, उत्तर देताय, आणि उत्तर हातात असलेलं वॉरंटीचं काम त्यालाही हवं असतं, पंधरा मिनिटांत होतं नि पैसे मिळतात.

आता पेट्रोलचं. 'पेट्रोल खराब' हे कारण बऱ्याचदा खरं असतं आणि बऱ्याचदा सोयीचं असतं, दोन्ही. कार्ब्युरेटर खराब पेट्रोलनं तुंबला तर कुठलीच कंपनी वॉरंटीत देत नाही. पण बघायची पद्धत सोपी आहे. आम्ही टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून बेंचवर ठेवतो. ताजं असेल तर फिकट, आरपार दिसणारं. पाणी असेल तर तळाला वेगळा थर, बरणी तिरकी केली की तो थेंब गोळीसारखा तळावर घरंगळतो. जुनं असेल तर रंग चहाकडे झुकलेला आणि वास पेट्रोलचा राहतच नाही, जुन्या व्हार्निशचा येतो. तुम्हाला अशी बरणी दाखवली का? नसेल तर विचारा, नमुना ठेवलाय का, फोटो आहे का, रिपेअर ऑर्डरवर काय लिहिलंय. आणि पुढच्या वेळी मशीन सोडायच्या आधी टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल घाला, ८७ ऑक्टेन, १० टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालं, पावती जपून ठेवा. पंपावर ८८ असं लिहिलेलं स्वस्त मिळतं ते नका घालू, त्यात १५ टक्के इथेनॉल असतं आणि छोट्या इंजिनाला ते चालत नाही, पावतीवर ते दिसलं तर क्लेम तिथंच मेला. शिवाय साधा युक्तिवाद आहे, खराब पेट्रोलनं इंजिन थंड असतानाही कुरकुर करतं, नेमकं पाऊण तासानं बंद पडून वीस मिनिटांनी ठणठणीत होत नाही. हे शांतपणे सर्व्हिस मॅनेजरसमोर मांडा, काउंटरवरच्या पोरासमोर नाही.

एक गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते. वॉरंटीच्या पुस्तकात मागे कुठेतरी बारीक अक्षरात एमिशन वॉरंटी (धूर-वाफेच्या प्रदूषणाशी संबंधित पार्टची वॉरंटी) नावाचं वेगळं प्रकरण असतं. पर्यावरण खात्याच्या नियमानं अशा इंजिनांना ती किमान २ वर्षं द्यावीच लागते, आणि तिच्यात कार्ब्युरेटर, इग्निशन, टाकी, झाकण, तो कार्बनचा डबा असले पार्ट येतात. म्हणजे तुमच्या संशयित यादीतले जवळपास सगळेच. डीलर स्वतःहून ही वही उघडत नाही, तुम्ही पान दाखवून विचारा की हा क्लेम एमिशन वॉरंटीखाली टाकाल का. मी काउंटरवर असताना वर्षात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके गिऱ्हाईक हे विचारायचे आणि त्यांच्याशी बोलताना आम्ही जरा सावरून बसायचो.

कायद्याबद्दल थोडक्यात, मी वकील नाही, पण रोज काम पडतं तेवढं. १९७५ चा मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायदा देशभर लागू आहे. त्यानं एक चांगलं केलं, कंपनी तुम्हाला 'आमचंच ऑइल, आमचाच फिल्टर वापरला नाही म्हणून वॉरंटी रद्द' असं सांगू शकत नाही, ते ऑइल-फिल्टर कंपनीच फुकट देत असेल तर गोष्ट वेगळी. ऑइल तुम्ही स्वतः बदललं तरी चालतं, फक्त ऑइलची पावती आणि मीटरचा फोटो ठेवा. पण त्याच कायद्यात 'फुल' आणि 'लिमिटेड' असे दोन प्रकार आहेत, फुल असेल तर वाजवी प्रयत्नांत दुरुस्त झालं नाही की बदलून किंवा पैसे परत द्यावेच लागतात. मोअरच्या वॉरंटीवर ठळक अक्षरात जवळपास नेहमी 'लिमिटेड' लिहिलेलं असतं, ते याचसाठी. गाड्यांचा लेमन लॉ (सारखी बिघडणारी नवी गाडी बदलून द्यायचा कायदा) लोकांच्या डोक्यात असतो, तो साधारण रस्त्यावरच्या वाहनांचा, मोअरला त्याचा आधार धरून बसू नका. तरीही 'फक्त दुरुस्ती करून देऊ' म्हणणारा दुरुस्तीच करू शकत नसेल तर ती अट तशीच धरून बसता येत नाही असं व्यापारी कायदा म्हणतो, आणि एकाच तक्रारीच्या तीन-चार तारखांच्या रिपेअर ऑर्डर इथेच कामाला येतात. ओहायोत स्मॉल क्लेम्स कोर्टात, म्हणजे छोट्या रकमांच्या कोर्टात, ६,००० डॉलरपर्यंत दावा लावता येतो, वकील लागत नाही, तुमचं मशीन त्यात आरामात बसतं. पण ते सगळ्यात शेवटी.

त्याआधी कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करा आणि फोन ठेवायच्या आधी केस नंबर घ्या. तिथं भांडू नका, दोनच गोष्टी मागा: त्या भागाच्या मॅनेजरकडे केस पाठवा, आणि दुसऱ्या डीलरकडे तपासणी मंजूर करून द्या, मंजुरी लेखी. प्रत्येक भागाला कंपनीचा एक माणूस असतो, डीलर त्याला घाबरून असतो, आणि त्याच्या हातात 'गुडविल' नावाची चीज असते, म्हणजे नियमात बसत नाही पण गिऱ्हाईक टिकावं म्हणून कंपनी खर्च उचलते. तपासणीचं बिल माफ होणं, ट्रेलरचं भाडं मिळणं, वॉरंटी काही महिने वाढवून मिळणं हे सगळं यातूनच होतं, आणि जो नीट कागद लावून मागतो त्यालाच मिळतं. पंधरा दिवसांत हलले नाहीत तर राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या (सरकारच्या मुख्य वकिलाच्या) ग्राहक विभागाकडे ऑनलाइन तक्रार टाका, फुकट आहे, ते कंपनीला पत्र पाठवतात आणि त्या पत्राला उत्तर देणारं टेबल वेगळं असतं, तिथली माणसं कामाची असतात. मशीन क्रेडिट कार्डवर घेतलं असेल तर कार्डची एक्स्टेंडेड वॉरंटी आहे का तेही बघा.

ते तपासणीचं बिल भरलंत का? भरायच्या आधी तुम्हाला अंदाज दिला होता का ते आठवा, ओहायोत साध्या रिपेअरलाही आधी एस्टिमेट मागायचा हक्क ग्राहकाला आहे. न सांगता लावलं असेल तर मॅनेजरशी बोलताना हा मुद्दा हातचा ठेवा. मशीन अडकवून ठेवलं असेल तर मात्र भरा, पावतीवर 'तक्रार राखून भरले' असं लिहा आणि घेऊन या, थोड्या पैशांच्या हट्टापायी मेमध्ये मशीन तिथं पडू देऊ नका.

वेळेचंही बघा. काही घरगुती मॉडेलना २ वर्षं किंवा १२० तास, जे आधी होईल ते, अशी वॉरंटी असते. दीड एकर ४२ इंचीनं कापायला सव्वा-दीड तास, ओहायोतला सीझन धरला तर वर्षाला चाळीस तासांच्या आसपास, म्हणजे तुम्हाला तासांची भीती नाही, पण तारखेची आहे, तुमची वॉरंटीही तशीच असेल तर पुढच्या एप्रिलला संपते. मशीन डीलरकडे पडून राहिलेले दिवस आपोआप वाढवून मिळत नाहीत. म्हणून केस नंबर आत्ताच काढा, मुदतीत नोंदवलेली तक्रार नंतरही चालू तक्रार धरली जावी अशी मागणी करता येते.

एक शंका, बिल कुणाच्या नावावर आहे? आपल्या लोकांत टॅक्ससाठी धंद्याच्या नावावर घ्यायची सवय आहे, किंवा मंदिराच्या ग्राउंडसाठी, मंडळाच्या नावानं. तसं असेल तर ते घरगुती वापरात धरत नाहीत, कमर्शियल वॉरंटी लागते आणि ती बऱ्याचदा ९० दिवसांचीच असते. शेजाऱ्याचं गवत पैसे घेऊन कापलं तरी तेच. काउंटरवर गप्पांच्या ओघात असलं काही बोलू नका, मीटरचे तास जास्त दिसले की तो विचारतोच.

नोटिशीचं हलक्यात घेऊ नका, टाउनशिप माणूस पाठवून गवत कापते आणि खर्च प्रॉपर्टी टॅक्सला जोडते. कुणाला तरी पैसे देऊन एकदा कापून घ्या, पावती ठेवा. लिमिटेड वॉरंटीत असला खर्च सहसा वगळलेला असतो, पण गुडविल मागताना ती पावती समोर ठेवायला काही जात नाही.

आणि विकायचं म्हणाल तर आत्ता नको. वॉरंटी बहुतेक पहिल्या मालकापुरतीच असते, त्यामुळे घेणारा तिचे पैसे देणार नाही, आणि 'गरम झाला की बंद पडतो' हे न सांगता तुम्ही विकणार नाही असं मी धरतो. सांगून विकाल तर निम्म्यात जाईल, तेही एका झाकणासाठी असू शकतं. शनिवारी आधी ते सैल करून बघा. आवाज आला तर डीलरला सोमवारी सकाळी नका गाठू, वीकेंडची सगळी बंद पडलेली मशीनं तेव्हाच येतात, बुधवार-गुरुवारी दुपारी जा, सर्व्हिस मॅनेजर जागेवर असतो आणि बोलायला वेळ असतो.